शेक : एका पुरचुंडीचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की सरांनी तत्त्वज्ञान सोडून वैद्यकी कधी सुरू केली? सुरू केलेली नाही. आम्ही डॉक्टर आहोत ते कागदावरचे, आणि त्या डॉक्टरकीने आजवर कुणाची पाठदुखी थांबलेली नाही. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत त्याला औषधोपचार समजू नये. एका वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. वस्तू अगदी साधी. सुती कापडाची वीतभर रुंद, हातभर लांब पिशवी, आत तांदूळ किंवा गहू, तोंड शिवून टाकलेलं. तापवायची आणि दुखऱ्या जागी ठेवायची. आमच्या घरी अशा दोन आहेत. त्या कशा आल्या ते ओघात येईलच, कारण त्यामागे आमच्या डाव्या पायाची करंगळी आहे.

सुरुवात शब्दापासून करू, ती आमची जुनी खोड. मराठीत आपण पोळी शेकतो, हात शेकतो, कंबर शेकतो, आणि एखादं प्रकरण अंगलट आलं की ते अंगावर शेकलं असंही म्हणतो. एकच क्रियापद आराम देणारं आणि चटका देणारं. दोन्हींत फरक किती, तर पाचदहा अंशांचा आणि पाचदहा मिनिटांचा. हा फरक कुणी ओळखायचा, हाच आजच्या विषयाचा गाभा.

आता लेखी पुरावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदाध्याय म्हणून ओळखला जातो. त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यातले काही प्रकार आज वाचताना थक्क व्हायला होतं. जेन्ताक म्हणजे जलाशयाकाठी बांधलेली गोलाकार खोली, मधे भट्टी, भोवती बसायचा कट्टा. कर्षू म्हणजे खाटेखाली खणलेला खड्डा, आत निखारे. होलाक म्हणजे शेणाचा ढीग जाळून, तो धूर जाऊन निखारा झाला की त्यावर खाट मांडायची. हे सगळं श्रीमंती काम. मनुष्यबळ लागणार, जागा लागणार. पण या तेरांच्या यादीत पहिलं नाव आहे संकर स्वेदाचं, आणि तो म्हणजे आपली पुरचुंडी. पदार्थ गरम करायचा, त्याचा गोळा कापडात बांधून किंवा न बांधता अंगाला लावायचा. वाताच्या दुखण्याला तीळ, उडीद, कुळीथ, तूप-तेल घातलेला भात, खीर, खिचडी असे स्निग्ध पदार्थ. कफाच्या दुखण्याला कोरडे पदार्थ, म्हणजे वाळू, धूळ, दगड, लोखंड, सालासकट जव, आणि गाय, गाढव, उंट, घोडा यांचं शेण. ही यादी आम्ही एकदा घरी मोठ्याने वाचली तर आतून आवाज आला, "अहो, उंट कुठून आणणार आहात?" (हशा)

यादी विनोदी वाटली तरी तिच्यामागची बुद्धी पाहा. ज्याच्या घरी जे असेल ते. तीळतूप असेल तर ते, नाहीतर वाळू. सुश्रुताने वर्गीकरण वेगळं केलं. त्याचे चारच प्रकार: ताप, ऊष्मा, उपनाह आणि द्रव. कोरडा शेक, वाफेचा शेक, पोटीस आणि गरम द्रवाचा शेक. आजच्या फिजिओथेरपीच्या विभागात जाऊन पाहिलंत तर हे चारही भेटतील, फक्त खोलीला वातानुकूलन असेल. केरळात हीच पुरचुंडी किळी या नावाने नांदते. नवरकिळीमध्ये नवरा जातीचा तांदूळ दुधात आणि काढ्यात शिजवून त्याची पोटली बांधतात. तांदळाच्या पिशवीचा शोध परवाच लागला, असं कुणाला वाटत असेल तर त्याने तो गैरसमज काढून टाकावा.

चरकाच्या त्याच अध्यायात आणखी एक यादी आहे, अग्नीशिवाय होणाऱ्या स्वेदाची. दहा प्रकार. व्यायाम, उबदार घर, जाड पांघरूण, भूक, ऊन वगैरे ठीक आहे; पण त्यात भीती आणि क्रोधही आहेत. म्हणजे घाबरल्याने आणि संतापल्यानेही अंग शेकून निघतं. शरीर आणि मन यांच्यातली भिंत देकार्तने सतराव्या शतकात उभी केली आणि ती पाडण्यात पुढचे तीनशे वर्षं आमच्यासारख्यांची पोटं भरली. इथे ती भिंत बांधलेलीच नाही. असो, विषयांतर पुरे.

ग्रंथात जे नाही ते आम्ही घरात पाहिलं. आमचं लहानपण नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी. खोली बंद, डोळ्यांतून पाणी. त्या धुराने आईची आणि बाळाची छाती किती भरली असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि त्या प्रथेचं गुणगान करायची आमची इच्छा नाही. पण बाकीचा शेक वेगळा होता. सर्दी झाली की तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी. कान दुखला की तव्यावर तापवलेल्या फडक्याची घडी. आजोबांच्या गुडघ्याला चुलीच्या कडेला ठेवलेली वीट, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. कंबरेला मीठ किंवा नदीची वाळू.

यातली एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आई पुरचुंडी उचलायची, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, मग स्वतःच्या गालाला, आणि मगच आमच्या छातीला. दर वेळी. विसाव्या वेळीसुद्धा. आम्हाला वाटायचं ती उगाच वेळ काढते आहे. पुरचुंडी गार झाली की परत तव्यावर, परत मनगट, परत गाल. रात्री दोन वाजता. हे काम पुरुषाने केलेलं आमच्या घरात तरी आम्ही पाहिलं नाही.

आता जरा आमच्या धंद्याकडे येऊ. गरम म्हणजे नेमकं काय? प्रश्न पोरकट वाटतो, पण त्यावर दोन हजार वर्षं डोकेफोड झालेली आहे. वैशेषिकांचं म्हणणं असं की उष्ण स्पर्श हा फक्त तेजाचा गुण. पाण्याचा स्वतःचा स्पर्श शीत. पृथ्वी आणि वायू यांचा उष्णही नाही, शीतही नाही. मग तापलेलं पाणी गरम कसं लागतं? तर त्यात तेजाचे कण शिरलेले असतात, आपल्याला लागतो तो त्या पाहुण्यांचा स्पर्श. पाहुणे गेले की पाणी मूळ स्वभावावर येतं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकताना आम्ही हे घोकलं आणि पुढे तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं. गंमत म्हणजे युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीला असंच काहीसं मानत. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो वस्तूंत शिरतो आणि निघून जातो. त्याला त्यांनी कॅलरिक असं नाव दिलं होतं.

या कल्पनेला मोठा धक्का दिला तो काउंट रमफर्डने. म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफेच्या नळीला भोक पाडण्याचं काम चालू असताना धातू प्रचंड तापतो हे त्याने पाहिलं. मग त्याने मुद्दाम बोथट गिरमिट घेतलं, तोफेचा तुकडा पाण्यात बुडवला आणि घोड्यांकरवी ते फिरवलं. अडीच तासांनी पाणी उकळलं. विस्तव नाही, काही नाही. घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते, तेव्हा ती साठवलेला द्रव असूच शकत नाही, ती गती आहे, असं त्याने १७९८ च्या निबंधात मांडलं. आपल्या विषयाशी त्याचं दुसरंही नातं आहे. कोणतं कापड ऊब किती धरतं याचे प्रयोग त्याने त्याआधीच केले होते. लोकर, पिसं, फर ऊबदार का, तर त्यांच्यात अडकलेली हवा हलू शकत नाही म्हणून. आपल्या गोधडीचं रहस्य तेच. लुगड्यांचे थर आणि थरांमधली कोंडलेली हवा.

आणि तिसरा माणूस लॉक. त्याचं उदाहरण तुमच्यापैकी जे आमचे विद्यार्थी होते त्यांना पाठ असेल. एक हात गार पाण्यात ठेवा, एक गरम पाण्यात. थोड्या वेळाने दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घाला. एका हाताला ते पाणी गरम लागेल, दुसऱ्याला गार. एकच पाणी एकाच वेळी गरम आणि गार असू शकत नाही. म्हणून लॉक म्हणतो, की आपल्याला जाणवणारी ऊब पाण्यात तशीच्या तशी नसते, पाण्यातल्या कणांची गती आपल्या शरीरातल्या कणांवर जो परिणाम करते तो आपल्याला ऊब म्हणून जाणवतो. हे व्याख्यान आम्ही दर वर्षी जून-जुलैत देत असू, दोन बादल्या आणि एक घमेलं घेऊन. शिपाई वैतागायचे.

आठ वर्षांपूर्वीची डिसेंबरातली रात्र. नाशकात त्या वर्षी थंडी बरी होती. आम्हाला मधुमेह पंधरा वर्षांचा. पाय गार पडले होते. पत्नीने रबरी पिशवी भरून, टॉवेलात गुंडाळून पायाशी दिली. आम्ही म्हणालो, "अगं, हे तर कोमटच आहे." ती म्हणाली, "कोमट कसलं, माझा हात भाजतोय." आणि आम्ही, मंडळी, त्या वेळी काय केलं असेल? तिला लॉक समजावून सांगितला. तुझा हात गार पाण्यात भांडी घासून आलेला आहे, म्हणून तुला ते गरम लागतंय, वगैरे. ती काही न बोलता निघून गेली. आम्ही टॉवेल काढून टाकला, पिशवीवर पाय टेकवला, पुस्तक उघडलं आणि झोपलो.

सकाळी चादर ओली होती. आम्हाला वाटलं पिशवी गळली. गळली नव्हती. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. दुखत काहीच नव्हतं. ते न दुखणं हीच खरी बातमी होती, पण ती वाचायला आम्हाला आणखी पाच दिवस लागले. पुढचे चार महिने ड्रेसिंग, आणि शेवटी करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात. पाय ऊब मागतो, पण चटका कळवत नाही. आमच्या बाबतीत कोमट आणि गरम हा वाद दोन हातांमधला नव्हताच. दोन माणसांपैकी एकाचं मोजमापाचं यंत्रच बंद पडलं होतं, आणि तो माणूस दुसऱ्याला ज्ञानमीमांसा शिकवत होता. लॉक आमच्या अंगावर शेकला, असंच म्हणायचं.

बरं झाल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. दुसरं काय येतं आम्हाला? चरकाचा तो अध्याय पुन्हा काढला. स्वेद कुणाला देऊ नये याची यादी त्यात आहे. गर्भिणी, रक्तपित्ताचा रोगी, अतिसार झालेला, नेहमी मद्य पिणारा. आणि त्याच यादीत मधुमेही. आम्ही तो श्लोक पूर्वी वाचला होता. डोळ्यांखालून गेला होता, एवढंच. आता इथे सावध राहायला हवं. आपल्याकडे अशा ठिकाणी लगेच टाळ्या वाजतात, की बघा, आपल्या पूर्वजांना नसांचा विकार ठाऊक होता. तसं त्या श्लोकावरून म्हणता येत नाही. चरकाची मांडणी दोषांची आहे आणि तिची कारणंही त्या मांडणीतली आहेत. मात्र अशा रोग्याला शेकल्याने नुकसान होतं, हे कुणीतरी अनेकदा पाहिलं असणार, असा तर्क करायला जागा आहे. त्याच अध्यायात असंही सांगितलंय की डोळे, हृदय, वृषण यांना शेक देऊ नये किंवा अगदी मृदू द्यावा, आणि गारठा गेला, वेदना थांबली, जडपणा आणि ताठरपणा उतरला, अंग मऊ पडलं, घाम आला की थांबावं. कधी थांबायचं ते ग्रंथाने लिहून ठेवलं. रबरी पिशवीवर ते लिहिलेलं नसतं.

चटक्याचं गणित १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी मांडलं. त्यांनी डुकरांच्या आणि स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांच्या कातडीवर प्रयोग केले. त्वचेचं तापमान ४४ अंश सेल्सियसला धरून ठेवलं तर भाजायला सुमारे सहा तास लागतात. तिथून ५१ पर्यंत प्रत्येक अंश वाढला की हा वेळ साधारण निम्मा होतो. साठ अंशांना काही सेकंद पुरतात. आमच्या पिशवीत काय होतं याचा हिशेब आता करता येतो. पुढे १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने नसांच्या टोकांवरचा असा एक ग्राहक शोधला, की जो सुमारे ४३ अंशांच्या वर जागा होतो आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही जागा होतो. मिरचीने तोंड भाजलं असं आपण म्हणतो, ते म्हणणं शरीरशास्त्राने खरं केलं. २०२१ चं नोबेल त्यांना अर्देम पातापुतियन यांच्यासोबत मिळालं. ४३ ला घंटा वाजते आणि ४४ पासून धोका सुरू होतो. घंटा वाजणाऱ्याला प्रश्न नाही.

मग शेकाने बरं वाटतं ते का? रक्तप्रवाह वाढतो, आवळलेला स्नायू सैल होतो, हे आहेच. शिवाय १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक फाटक आहे, आणि स्पर्शासारख्या दुसऱ्या संवेदनांच्या गर्दीने ते लोटलं जाऊ शकतं. लागलेल्या जागी आपण हात चोळतो ते त्याच न्यायाने. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो २००१ चा एक अभ्यास. पाळीच्या दिवसांतल्या पोटदुखीवर पोटाला सुमारे ३९ अंशांचा मंद शेक देणारा पट्टा दिवसाचे बारा तास बांधला, आणि आराम आयबुप्रोफेनच्या गोळीइतका मिळाला. एकोणचाळीस! म्हणजे चांगला ताप आलेल्या माणसाच्या अंगाइतकंच. आम्ही सगळे शेकाला चटका समजून बसलो होतो. आमच्या वर्गात दर महिन्याला मागच्या बाकावर पोट धरून बसणाऱ्या मुली असत, आणि आम्ही त्यांना लक्ष नाही म्हणून उठवत असू, हेही सांगून टाकतो.

बाहेरच्या जगात डोकावू. काश्मीरची कांगडी तुम्हाला माहीत आहे. वेताच्या टोपलीतलं मातीचं भांडं, त्यात निखारे, फेरनच्या आत पोटाशी धरलेलं. वर्षानुवर्षं त्याच जागी तो शेक बसून पोटावर आणि मांड्यांवर कर्करोग होतो हे एल्म्सली नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच लिहिलं. जपानात तापवलेला दगड कापडात गुंडाळून कुशीत ठेवत. चहाच्या समारंभातल्या जेवणाला कैसेकी म्हणतात, त्या शब्दातही झेन भिक्षूंनी भूक मारायला पोटाशी धरलेला तो दगड आहे. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत चेरीच्या बिया धुऊन, वाळवून पिशवीत भरतात. प्रत्येकाने आपल्या अंगणातलं घेतलं. रबर आलं ते एकोणिसाव्या शतकात. गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करण्याचं पेटंट गुडइअरला १८४४ मध्ये मिळालं, आणि पुढे पाणी भरायची पिशवी घरोघर पोचली.

पण या सगळ्या इतिहासात ज्या व्यक्तीपाशी आम्ही थबकलो ती एलिझाबेथ केनी. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या आडरानात ती रोग्यांची शुश्रूषा करत असे. परिचारिकेचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. १९११ मध्ये तिच्यापुढे एक आजारी मूल आलं, स्नायू आखडलेले, हातपाय वाकडे. तिने तूवूंबा इथल्या डॉक्टर मॅकडोनेल यांना तार केली. उत्तर आलं की बालपक्षाघात दिसतो, ठरलेला इलाज नाही, दिसतील त्या लक्षणांवर जमेल ते कर. तिने लोकरीचं ब्लँकेट फाडून पट्ट्या केल्या, त्या उकळत्या पाण्यातून काढून पिळल्या आणि आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळल्या. ही हकिकत तिनेच सांगितलेली आहे, त्यामुळे तपशिलांबद्दल मतभेद असू शकतात. पद्धतीबद्दल मात्र नाहीत. वेदना उतरली की ती स्नायूंना हळूहळू हलवायला लावायची. त्या काळी पोलिओच्या मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरात आणि फळ्यांमध्ये जखडून ठेवत. केनीचं म्हणणं नेमकं उलटं.

डॉक्टरमंडळी उखडली. १९३८ मध्ये क्वीन्सलंडच्या चौकशी आयोगाने तिच्याविरुद्ध अहवाल दिला. बाईंचा स्वभावही गोड नव्हता आणि तिची शरीरशास्त्राची उपपत्ती डॉक्टरांना पटत नव्हती. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, मिनियापोलिसमध्ये तिला ऐकणारे डॉक्टर भेटले, आणि १९४२ मध्ये तिथे तिच्या नावाची संस्था उभी राहिली. उपपत्ती चुकीची आणि हात बरोबर, अशी माणसं असतात. आमच्या शास्त्रात याला जागा कमी आहे, कारण आम्ही उपपत्तीला गुण देतो. आणि त्या ओल्या गरम पट्ट्यांबद्दल एक लक्षात घ्या. त्या लवकर गार होत. पुन्हा उकळायच्या, पुन्हा पिळायच्या, पुन्हा गुंडाळायच्या, दिवसभर, खाटेमागून खाट. हे काम करणाऱ्या नर्सा आणि आया होत्या. पट्टी गुंडाळणारी बाई त्या मुलापाशी उभी असे. तिचे हात भाजत.

म्हणजे पूर्वीचा शेक हे दोन माणसांचं काम होतं. एक शेकणारा आणि एक शेकून घेणारा. पिशवी आली आणि दुसरा माणूस मोकळा झाला. हे वाईट झालं असं आम्ही म्हणणार नाही. आमची आई रात्री दोनला उठत होती ते आठवलं की तिच्या हातात एक रबरी पिशवी असायला हवी होती असंच वाटतं. फक्त त्या माणसाबरोबर त्याचं मनगटही गेलं. आमच्या पत्नीचं मनगट त्या रात्री हजर होतं, आणि आम्ही ते युक्तिवादाने घालवलं.

आता पिशवी शिवायची कशी, ते सांगून थांबतो. शिवणारी आमची पत्नी, आम्ही दोरा ओवून देतो. कापड शुद्ध सुती हवं. नायलॉन, टेरिकॉट चालत नाही, ते वितळतं. आमच्या दोन्ही पिशव्या आईच्या एका जुन्या नऊवारी लुगड्याच्या आहेत, दुहेरी घडीच्या. तीन बाजू शिवायच्या, त्याही दोनदा, कारण एक टाका उसवला की रात्री अंथरुणात तांदूळ वेचत बसावं लागतं. मग आडव्या शिवणी मारून चार कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्पा दोन तृतीयांशच भरायचा. कप्पे नसले तर सगळे दाणे एका टोकाला जातात आणि खांद्यावर रिकामं कापड राहतं. भरायला कच्चे तांदूळ, गहू किंवा जवस. जवस मऊ बसतं, पण महाग.

दाणेच का? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या भागात एक किलो वाळू तापते. म्हणजे वाळू पटकन तापते, भलतीच तापते आणि पटकन निवते. धान्य दोन्हींच्या मधलं. त्यात शेकडा बाराच्या आसपास पाणी असतं, तेच मायक्रोवेव्हमध्ये तापतं आणि किंचित दमट ऊब देतं. मीठ आणि वाळू मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, त्यांना तवाच बरा. पिशवीशेजारी अर्धा कप पाणी ठेवायचं, मिनिटभर तापवायचं, काढून हलवायचं, हात लावून पाहायचं, लागलंच तर आणखी अर्धं मिनिट. दाणे आतून जास्त तापलेले असतात, म्हणून हलवणं महत्त्वाचं. फार वेळ ठेवलं तर दाणे करपतात, पेटही घेऊ शकतात. करपल्याचा वास आला की ते दाणे फेकून नवे भरायचे. अंगावर ठेवताना मधे पातळ फडकं, वीस मिनिटं, आणि पिशवी घेऊन झोपायचं नाही. मुका मार ताजा असेल, सूज लाल आणि गरम असेल तर शेक नाही. मधुमेह असेल तर पायाला अजिबात नाही. तिथे लोकरीचे मोजे.

आमच्या खांद्याला आठवड्यातून दोनदा ही पिशवी लागते. ती आधी पत्नीच्या मनगटावर जाते. अजून पुरेशी गरम नाही, असं आम्हाला दर वेळी वाटतं आणि आम्ही बोलत नाही.

हो, एक राहिलं. लुगड्याला जरीचा काठ असेल तर तो आधी कापून काढा. आमच्या पहिल्या पिशवीला आईची आठवण म्हणून आम्ही तो ठेवायला लावला होता, आणि मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडाल्या. तो काठ आता वेगळा जपून ठेवला आहे.

प्रश्न असतील तर घेऊ.